वैद्यकीय शिक्षणाचा जमाखर्च

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या आष्टी तालुक्यात वर्षाचे दोन हंगाम कर्जाचे असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. हा पहिला हंगाम जुना आहे आणि त्याचा हिशेबही सर्वांना पाठ आहे. दुसरा हंगाम त्या मानाने नवा आहे. ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत बारावी झालेल्या मुलामुलींच्या घरी वैद्यकीय प्रवेशाची बोलणी सुरू होतात. गुणपत्रिका, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, बँकेतील चौकशी, कोणी सांगितलेला मध्यस्थ आणि शेवटी शेताचा सात-बारा, अशा क्रमाने ती पुढे सरकतात. उचल किती घेतली आणि ती किती दिवसांच्या ऊसतोडीने फिटेल, हे निरक्षर मजुरालाही ठाऊक असते. परंतु डॉक्टरकीसाठी घेतलेली रक्कम एकूण किती होणार, ती कोण, किती वर्षांत आणि कशातून फेडणार, हे मात्र शिकल्यासवरल्या घरांतही पुष्कळदा ठाऊक नसते. वैद्यकीय शिक्षणाच्या प्रश्नाचे मर्म या अज्ञानात आहे.

या प्रश्नाकडे सामान्यतः गुणवत्तेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. किती गुण पडले, कितव्या क्रमांकाला कोणते महाविद्यालय मिळाले, याचीच चर्चा होते. वस्तुतः २०२५ साली ‘नीट’ला बसलेल्या सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थ्यांपैकी १२ लाख ३६ हजारांहून अधिक पात्र ठरले आणि देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपासच होत्या. त्यांतील सुमारे निम्म्याच शासकीय आहेत. याचा अर्थ असा की, पात्रतेची रेषा आणि शासकीय प्रवेशाची रेषा यांच्यामध्ये जो मोठा समुदाय उरतो, त्याच्यातील निवड गुणांपेक्षा अधिक ऐपतीने होते. वरच्या गुणांचा गरीब विद्यार्थी शुल्क पाहून मागे फिरतो आणि त्याच्या कितीतरी खालच्या क्रमांकाचा सधन विद्यार्थी ती जागा घेतो. सामायिक परीक्षेने प्रवेशातील मनमानीला आळा घातला हे मान्य केले पाहिजे. तथापि पैशाची चाळणी तिने काढून टाकली, असे म्हणता येणार नाही.

पदवी आणि डॉक्टरकी एकत्र

भारतातील विद्यार्थ्याला एक सवलत पूर्वीपासून मिळालेली आहे आणि तिचे मोल फारसे ध्यानात घेतले जात नाही. येथे बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केली की पदवी आणि व्यवसायाचा परवाना दोन्ही हाती येतात. अमेरिकेत तसे नाही. तेथे आधी चार वर्षांची सामान्य पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण, असा आठ वर्षांचा मार्ग रूढ आहे. हा मार्ग आखूड व स्वस्त करण्यासाठी तेथील काही विद्यापीठांनी दोन्ही पदव्या जोडणारे अभ्यासक्रम काढले. कॅन्सस सिटी येथील मिसुरी विद्यापीठाचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम १९७१ पासून चालू आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले अशा अभ्यासक्रमांच्या मागे लागलेली दिसतात, त्याचे कारण मुख्यतः वाचणारा वेळ आणि पैसा हेच आहे. कर्ज काढून शिकणाऱ्या अमेरिकन डॉक्टराच्या डोक्यावर पदवीच्या दिवशी साधारणतः दोन लाख डॉलरांचे ओझे असते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०१८ साली आणि त्याच शहरातील अल्बर्ट आइनस्टाइन महाविद्यालयाने २०२४ साली, एका देणगीदार बाईंनी दिलेल्या १०० कोटी डॉलरांच्या आधाराने, शिकवणीशुल्क रद्द केले, ते हे ओझे पाहूनच.

भारताने एकाच पदवीचा हा मार्ग विचारपूर्वक स्वीकारला आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात दोन प्रकारचे डॉक्टर तयार होत होते. एक विद्यापीठाचे पदवीधर आणि दुसरे कमी खर्चाच्या, कमी मुदतीच्या शाळांतून निघणारे परवानाधारक. मुंबई इलाख्यातील जुन्या पिढीला ‘एल.सी.पी.एस.’ डॉक्टर आठवत असतील. खेड्यापाड्यांतील रुग्णसेवेचा मोठा भार या वर्गाने वाहिला. भोर समितीने सर्वांसाठी एकच पदवी असावी अशी शिफारस केली आणि परवानाधारकांचा मार्ग हळूहळू बंद झाला. खेड्याला कमी दर्जाचा डॉक्टर का द्यावा, हा समितीचा विचार उदात्त होता. मात्र त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट होती. ती अशी की, या एका पदवीचा खर्च प्रामुख्याने शासन उचलील. पुढे शासनाने हात आखडता घेतला. तेव्हा स्वस्त मार्ग बंद झालेला होता आणि उरलेला एकमेव मार्ग महाग होत गेला. आजच्या दुखण्याचे मूळ या विसंगतीत शोधावे लागते.

मराठवाड्याचा अनुशेष

मराठवाड्यापुरते पाहिले तर औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघाले. त्यानंतर १९७४ साली, म्हणजे विकास आंदोलनाने अनुशेषाचा प्रश्न ऐरणीवर आणला त्याच वर्षी, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. मोठे शहर सोडून तालुक्याच्या गावी असे महाविद्यालय काढणे हे त्या काळी धाडसच होते. नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली शासकीय महाविद्यालय आले. त्यानंतरची वीस वर्षे जवळजवळ कोरडी गेली. मग २०२२ साली धाराशिव, २०२३ साली परभणी आणि २०२४ साली जालना व हिंगोली येथे महाविद्यालये सुरू झाली. शेचाळीस वर्षांत चार आणि नंतर अवघ्या तीन वर्षांत चार, हा वेग स्वागतार्ह असला तरी त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. इमारत निविदा काढून उभारता येते, अध्यापक तसा उभारता येत नाही. जुन्या महाविद्यालयांतील अध्यापक नव्या ठिकाणी तात्पुरते पाठवून तपासणीपुरती संख्या भरली, तर जागा वाढतील, डॉक्टर वाढतीलच असे नाही.

मधल्या काळात येथील विद्यार्थ्यांना ‘सत्तर-तीस’च्या सूत्राने ग्रासले होते. ज्या विभागातून विद्यार्थी बारावी झाला, त्या विभागातील ७० टक्के जागा त्याच्यासाठी आणि उरलेल्या ३० टक्के सर्वांसाठी खुल्या, असा तो नियम होता. मागास विभागांना संरक्षण देणे हा त्यामागचा हेतू असेल. परंतु जेथे महाविद्यालयेच थोडी, तेथे हे संरक्षण म्हणजे कुंपणच ठरले. आष्टीच्या विद्यार्थ्याला याची जाणीव सर्वांत आधी झाली असावी. आष्टीहून अहिल्यानगर लोहमार्गाने ६६ किलोमीटरवर आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रेल्वे सुरू झाली तीही त्याच दिशेने. बाजार, दवाखाना, महाविद्यालय या सर्वांसाठी या तालुक्याचा ओढा नगरकडे आहे. तरीही कड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेला मुलगा ‘मराठवाड्याचा’ आणि नगरला खोली घेऊन शिकलेला त्याचाच चुलतभाऊ ‘उर्वरित महाराष्ट्राचा’ ठरत असे. एकाच घरातील दोघांच्या भवितव्यात केवळ विभागाच्या सीमारेषेमुळे अंतर पडे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये हे सूत्र रद्द झाले, ते योग्यच झाले. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या जुन्या शासकीय महाविद्यालयांचे दरवाजे मराठवाड्याच्या गुणवंतांना अधिक उघडले. स्वस्त जागा कोठे आहे यापेक्षा ती आपल्या आवाक्यात आहे किंवा नाही, हे महत्त्वाचे असते आणि या एका निर्णयाने शासनाचा फारसा पैसा खर्च न होता अनेकांचा आवाका वाढला.

खासगी महाविद्यालयांचा इतिहास वेगळा आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण राज्याने स्वीकारले. कर्नाटकात जाणारा पैसा महाराष्ट्रात राहावा, हा त्यामागचा युक्तिवाद होता. पैसा राहिला, पण देणगीची प्रथाही येथे रुजली. ती रोखण्यासाठी १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. पुढे १९९२ चे मोहिनी जैन प्रकरण, १९९३ चे उन्नीकृष्णन प्रकरण, २००२ चे टी. एम. ए. पै प्रतिष्ठान प्रकरण आणि २००५ चे इनामदार प्रकरण, अशी सर्वोच्च न्यायालयातील निकालांची मालिका झाली. उन्नीकृष्णन निकालाने अर्ध्या जागा मोफत व अर्ध्या सशुल्क अशी विभागणी केली होती. सधनाने निर्धनाचा भार उचलावा, अशी तीमागची कल्पना होती. पै निकालाने ती मोडीत काढली आणि संस्थांना आपला खर्च व वाजवी अधिक्य भरून काढण्याचा अधिकार दिला, नफेखोरीला व देणगीला मात्र मज्जाव केला. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. नियमन आहे, पण ते संस्थेने दाखविलेल्या खर्चावर उभे आहे. खर्च जितका अधिक दाखवावा तितके शुल्क अधिक, अशी ही रचना असल्याने काटकसरीचे बक्षीस कोणालाच मिळत नाही.

साडेचार वर्षांचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळणे इष्ट होईल. शासकीय महाविद्यालयातील खुल्या वर्गाचे वार्षिक शुल्क दीड लाखाच्या आसपास धरले, तर साडेचार वर्षांचे पावणेसात लाख होतात. वसतिगृह, खानावळ, पुस्तके यांसाठी महिना आठ हजार धरले तर आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचे सव्वापाच लाख. एकूण १२ लाख. खासगी महाविद्यालयातील नियंत्रित शुल्क उदाहरणादाखल वर्षाला १० लाख मानले, तर शुल्कच ४५ लाख होते. अभिमत विद्यापीठांत हा आकडा अनेक ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या पुढे आहे, म्हणजे एकूण खर्च कोटीच्या घरात जातो. पदवी तीच, पाठ्यक्रम तोच, परवानाही तोच. किंमत मात्र एकास आठ या प्रमाणात बदलते.

परंतु ४५ लाख ही खरी किंमत नव्हे. हे शुल्क दरवर्षी कर्ज काढून भरले, व्याजाचा दर १० टक्के धरला आणि अभ्यासक्रमाची साडेपाच वर्षे अधिक एक वर्ष अशी हप्ता न भरण्याची मुदत मिळाली, तर तेवढ्या काळात सरळ व्याजानेच सव्वाएकवीस लाख चढतात. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी डोक्यावर सव्वासहासष्ट लाखांचे देणे असते. ते १५ वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ७१ हजार रुपयांचा हप्ता पडतो आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत बँकेत जमा झालेली रक्कम सव्वा कोटीच्या वर जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते धरून हाती येणारा पगार याहून अधिक असला, तरी त्याचा मोठा वाटा हप्त्यातच जाईल, हे उघड आहे. अशा डॉक्टराने धानोरा किंवा दौलावडगावसारख्या गावी नोकरी करावी, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याला दिवाळखोरीचे निमंत्रण देण्यासारखे आहे.

कर्ज मिळणे हेही कोरडवाहू शेतकऱ्याला सोपे नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागत नाहीत. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क या मर्यादेत बसते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. त्यापुढील कर्जाला मात्र तारण लागते. आणि येथे एक विपरीत परिस्थिती निर्माण होते. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना विशेष अधिकार देणारा २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू नाही. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे बँका शेतजमीन तारण घेण्यास नाखूश असतात आणि शहरातील घर किंवा बिगरशेती भूखंड मागतात. नोकरदाराची सदनिका चालते, शेतकऱ्याचे रान चालत नाही. मग एक तर रान विकले जाते किंवा खासगी सावकाराची पायरी चढावी लागते. ज्याला वाचविण्यासाठी नियम केला, त्याचीच जमीन त्या नियमापायी बाजारात येते.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून एक गोष्ट मात्र बदलली आहे आणि ती लहान नाही. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिकवणी व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश यांना ही सवलत नाही. म्हणजे वर मांडलेल्या हिशेबातील ४५ लाखांचा आकडा पात्र मुलीच्या बाबतीत जवळजवळ पुसला जातो. तोच मुलगा असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून बहुधा निम्मेच शुल्क मिळते. मुलीच्या शिक्षणावर खर्च कशाला, असे म्हणणाऱ्या घरांत आता मुलीचेच शिक्षण स्वस्त झाले आहे. अर्थशास्त्राने समाजसुधारणेला असा हातभार क्वचितच लावला असेल. मात्र प्रतिपूर्तीची रक्कम संस्थांना वेळेवर न मिळाल्यास संस्था ती आधी पालकांकडेच मागतात, हा इतर शिष्यवृत्त्यांचा अनुभव आहे. तो येथे पुन्हा आला, तर माफी कागदावर राहील.

निवड कशी व्हावी

या पार्श्वभूमीवर सामान्य कुटुंबाने निवडीचा क्रम कसा लावावा, याचे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. शासकीय व महापालिकेच्या महाविद्यालयांना पहिले स्थान, मग ते गाव कितीही दूर असो. विदर्भातील नव्या महाविद्यालयाला नाक मुरडून जवळच्या खासगी महाविद्यालयात जाणे हा अनेक लाखांचा निर्णय आहे, आवडी-निवडीचा नव्हे. त्याच पंक्तीत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा विचार करावा लागेल. डॉ. सुशीला नय्यर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ग्रामीण सेवेचे ध्येय ठेवून ती स्थापन केली. संस्था खासगी विश्वस्तांची असली तरी शासनाच्या अनुदानावर चालते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षणाचा भार जवळजवळ सर्वस्वी शासन उचलते आणि मोबदल्यात सैन्यदलातील सेवा मागते. ज्याला ती शिस्त मानवेल त्याच्यासाठी याहून स्वस्त मार्ग देशात नाही. त्यानंतर शुल्कमाफीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या आधारासह नियंत्रित शुल्काची खासगी जागा. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठ ही कर्ज काढून घेण्याची ठिकाणे नव्हेत, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

परदेशाचा मार्ग या क्रमात शेवटचा समजावा. युक्रेनमधून २०२२ साली जीव मुठीत धरून परतलेल्या हजारो विद्यार्थ्यांनी त्या मार्गाची एक जोखीम देशाला दाखवून दिली. दुसरी जोखीम कमी बोलली जाते. परदेशी पदवीधरांना भारतात व्यवसाय करण्यासाठी जी चाचणी द्यावी लागते, तीत अपयशी ठरणाऱ्यांचे प्रमाण यशस्वी होणाऱ्यांपेक्षा सातत्याने पुष्कळ अधिक राहिले आहे. शिवाय नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम आणि तिकडे एक व इकडे एक अशी दोन वर्षांची आंतरवासिता आवश्यक केली आहे. मध्यस्थाच्या जाहिरातीतील ‘२५ लाखांत डॉक्टर’ या हिशेबात ही वाढीव वर्षे, चाचणीची शिकवणी आणि अपयशाची शक्यता कोठेच नसते.

आणखी एक खर्च प्रवेशापूर्वीच होतो. लातूरच्या शिक्षणसंस्थांनी शिस्तबद्ध तयारीचा जो आदर्श निर्माण केला, त्याभोवती आज शिकवणीवर्गांची मोठी बाजारपेठ उभी आहे. वर्गाचे शुल्क, खोली, डबा यांचा वर्षाचा खर्च लाख-दीड लाखावर सहज जातो. पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकलेल्याने एक वर्ष थांबणे हिशेबाला धरून आहे, कारण शासकीय आणि खासगी जागेतील फरक त्या एका वर्षाच्या खर्चाच्या कितीतरी पट आहे. परंतु तिसऱ्या-चौथ्या वर्षीही थांबून राहणे हा हिशेब राहत नाही, जुगार होतो. परिचर्या, औषधनिर्माण, पशुवैद्यक, मूलभूत विज्ञान हे मार्ग पराभवाचे नाहीत. एम.बी.बी.एस. हीसुद्धा आता अंतिम पदवी राहिलेली नाही. पदव्युत्तर प्रवेशाची आणि त्याच्या खर्चाची दुसरी फेरी पुढे उभी असते. पहिल्याच फेरीत सर्वस्व लावणाऱ्या कुटुंबाजवळ दुसऱ्या फेरीसाठी काही उरत नाही.

अखेर भार कोणावर

हा प्रश्न प्रवेश घेणाऱ्या कुटुंबापुरता असता तर त्याची इतकी चर्चा करण्याचे कारण नव्हते. उचल घेतलेला मजूर ती स्वतःच्या श्रमाने फेडतो. डॉक्टराची उचल मात्र अखेर रुग्णाने फेडायची असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. यामागे दारिद्र्य, बालविवाह, कामाच्या ठिकाणची दुःस्थिती अशी अनेक कारणे आहेत. सर्व दोष शिक्षणशुल्काच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्यांनी शासकीय महाविद्यालयातून अल्प खर्चात पदवी घेतली, तेही सर्व सेवाव्रती नसतात आणि कर्जाखाली दबलेले कित्येक डॉक्टर सचोटीने व्यवसाय करतात. परंतु ज्या व्यवसायाच्या प्रवेशद्वारावरच सव्वा कोटीची वसुली उभी आहे, त्यातील प्रत्येक शस्त्रक्रियेकडे रुग्ण संशयाने पाहू लागला, तर दोष रुग्णाचा नाही. विश्वास हीच ज्याची मूळ ठेव, त्या व्यवसायाला हे महागात पडणारे आहे.

उपाय नवे शोधण्याची गरज नाही, असलेले अमलात आणण्याची आहे. खासगी व अभिमत संस्थांतील ५० टक्के जागांचे शुल्क त्या राज्यातील शासकीय महाविद्यालयाइतकेच असावे, असे मार्गदर्शक तत्त्व राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ३ फेब्रुवारी २०२२ रोजी काढले. त्याला २०१९ च्या कायद्याचा आधार आहे. ते मनापासून राबविले गेलेले नाही. अर्ध्या जागांचा तोटा उरलेल्या अर्ध्या विद्यार्थ्यांच्या माथी मारला जाईल, हा संस्थांचा आक्षेप खरा आहे. म्हणून फरकाचा काही भाग शासनाने सोसला पाहिजे. मुलींच्या शुल्कमाफीत राज्याने हे तत्त्व मान्य केलेच आहे. आता प्रश्न ते वाढविण्याचा आहे.

दुसरा उपाय कर्जाच्या स्वरूपाचा. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून उच्च शिक्षणाचे शुल्क विद्यार्थ्याच्या पुढील उत्पन्नाशी जोडले आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेल्यावरच त्याच्या टक्केवारीने कराबरोबर परतफेड सुरू होते, तारणाचा प्रश्नच उद्भवत नाही. डॉक्टरांसारख्या, कायद्याने नोंदणी सक्तीची असलेल्या व्यवसायात अशी योजना राबविणे इतर कोणत्याही क्षेत्रापेक्षा सोपे आहे. ग्रामीण सेवेतील प्रत्येक वर्षामागे देण्याचा काही अंश माफ केला, तर सक्तीपेक्षा ते अधिक फलदायी ठरेल.

तिसरा उपाय सेवेच्या बंधपत्राचा. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याने एक वर्ष शासकीय सेवा करावी, अन्यथा १० लाख रुपये भरावेत, असा महाराष्ट्रात नियम आहे. समाजाच्या पैशावर शिकणाऱ्याकडून समाजाने सेवा मागणे सर्वथा न्याय्य आहे. पण दंडाची रक्कम भरून सुटका करून घेण्याची सोय ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाच असते. म्हणजे सेवा गरिबाच्या वाट्याला आणि सुटका श्रीमंताच्या वाट्याला, असे त्याचे रूप होते. दंडाचा पर्याय काढून टाकावा आणि त्याच वेळी नेमणूक वेळेवर, राहण्याच्या जागेसह व औषधे-उपकरणे असलेल्या ठिकाणी देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घ्यावे. बंधपत्र दोन्ही पक्षांना बांधणारे असले तरच त्याला नैतिक बळ येते.

या सर्वांआधी करता येण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. प्रवेशाचा पर्याय-अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाचे संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क, वसतिगृह, अनामत व इतर आकार आणि आंतरवासितेतील विद्यावेतन एका तक्त्यात मराठीत छापून द्यावे. त्याखाली कर्ज काढल्यास पडणारा मासिक हप्ताही दाखवावा. बियाण्याच्या पिशवीवर उगवणीची टक्केवारी छापण्याची सक्ती आहे. एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांचे भवितव्य ठरविणाऱ्या व्यवहाराला निदान तेवढी सक्ती असावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. आष्टीच्या शेतकऱ्याला हिशेब येत नाही असे नाही. त्याच्यापुढे तो कोणी मांडलेला नाही.